कापलेले दोरे

हत्तुरे मॅडमच्या तासाला वही-पेन नसलं तरी चाले, कात्री मात्र लागे. कात्री म्हणजे खरी नव्हे. हातात पातळ मोजा घालायचा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर घासायचं, की समोर हवेत तरंगणारा दोरा टचकन तुटे. सोलापूरच्या त्या कॉलेजात संख्याशास्त्र घेणारी मुलं हल्ली वाढली होती ती या मोज्यामुळे, विषयाच्या प्रेमाने नव्हे. विषयाचं पुस्तकी नाव 'अरेषीय समाश्रयण'. ते ऐकून निम्मी मुलं भूगोलाकडे पळतात, असं शैलजाबाई हत्तुरे स्वतःच हसत सांगत. त्या आपल्या 'नॉनलिनिअर रिग्रेशन' म्हणत आणि पहिल्या तासाला चहा मागवत.

चहा प्यायला नसे. कपात तापमापी बुडवलेली असे आणि दर मिनिटाला एकेक ठिपका वर्गाच्या मध्यभागी हवेत उमटे. चहा आधी भराभर निवतो, मग सावकाश, मग खोलीइतका गार होऊन थांबतो.

"या ठिपक्यांमधून सरळ रेघ ओढा," बाई सांगत. मुलं ओढत. "आता ती पुढे न्या."

पुढे नेली की रेघ शून्याच्या खाली जाई.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत चहाचा बर्फ होणार. सोलापुरात. मे महिन्यातसुद्धा. पटतंय का?" वर्ग हसे. "जगातल्या बऱ्याच गोष्टी सरळ जात नाहीत, बाळांनो. त्यांना वळण असतं. ते वळण शोधणं एवढंच आपलं काम."

त्यांच्या सॉफ्टवेअरचं नावही 'वळण'च होतं. गणित बाईंचं आणि रूप त्यांच्या नवऱ्याचं. बसवराज हत्तुरे चादरीच्या कारखान्यात नक्षीकार होते. चौकटीच्या कागदावर ठिपके भरून मोर काढण्यात त्यांची हयात गेली. बायको सूत्रं सांगायला लागली की ते जांभई देत. पण एकदा ते म्हणाले, "शैलू, प्रत्येक ठिपक्यापासून तुझ्या त्या वक्रापर्यंत एक दोरा बांध. ठिपका लांब असेल तर दोरा ताणला जाईल. पोरांना ताण हाताला लागू दे, मग सूत्र सांग."

सगळं 'वळण' त्या एका वाक्यातून निघालं. दोरा दुप्पट लांब झाला की ताण चौपट होतो. मुलं वक्राला हाताने वाकवत, ओढत, आणि सगळ्या दोऱ्यांचा मिळून ताण जिथे कमीत कमी लागे तिथे वक्र सोडून देत. तेच उत्तर. पण यात एक गोम होती. एखादाच ठिपका फार दूर असला, तर त्याचा चौपट-सोळापट ताण सगळ्या वक्राला आपल्याकडे खेचे. कधी तो ठिपका निव्वळ चूक असे, तापमापी कपाबाहेर पडल्यासारखी. त्यासाठी कात्री.

"कात्री द्यायची पण जपून वापरायला सांगायची," बसवराज म्हणाले होते. "आमच्याकडे धागा तुटला की माग थांबवतात. का तुटला ते बघतात. मग पुढे."

हत्तुरे जोडप्याला मूलबाळ नव्हतं. 'वळण हेच तुमचं अपत्य' असं लोक कौतुकाने म्हणत. दोघांनाही ते वाक्य मुळीच आवडत नसे.

बसवराजांना विस्मरणाचा आजार झाला तेव्हा आधी रंगांची नावं गेली. ज्या माणसाने आयुष्यभर लाल आणि राणी रंगातला फरक कारखान्याला शिकवला, तो हातरुमाल पुढे करून "याला काय म्हणतात ग?" असं विचारू लागला. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. माणूस हळूहळू जाईल म्हणाले. मात्र मधूनच एखादा दिवस असा येतो की तो पूर्ण परत येतो. काही तास. का येतो ते विज्ञानाला अजून नीट उमगलेलं नाही, आणि किती वेळा येईल ते तर नाहीच.

त्या दुपारी दवाखान्यातून घरी येऊन बसवराज गॅलरीत बसले. दोघं एकमेकांशी कायम कानडीतच बोलत. मराठी परक्यांसाठी, कॉलेजसाठी, भाजीवाल्यासाठी.

"मी परत आलो तर तू समोर पाहिजेस," ते म्हणाले.

"मी कुठे जाणार आहे?"

"तसं नाही. एखाद्या दिवशी मी येईन आणि तू नसशील, तर मी काय करू? सांग बरं. भिंतीशी बोलू?"

"मी असेन," शैलजाबाईंनी शब्द दिला.

शब्द पाळायचा तर तो परत आल्याचं कळायला हवं. म्हणून त्यांनी मणी घेतला. शर्टाच्या कॉलरला लावायचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. माणूस बोलताना किती अडखळतो, किती वेगवेगळे शब्द वापरतो, सुरू केलेलं वाक्य पुरं करतो का, हे तो मोजी आणि पुरेसं बोलणं जमलं की त्याचा एक अंक पाठवी. भाषा कुठलीही चाले. बोलणं मात्र तो साठवत नसे. माणसाचं घरातलं बोलणं साठवायला कायद्याने बंदी आली होती, आणि ती योग्यच होती असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, बाईंनासुद्धा.

अंक आले की ठिपके झाले, आणि ठिपके दिसले की शैलजाबाईंचा हात शिवशिवे. त्यांनी मणी 'वळण'ला जोडला. ठिपका फार उंच गेला तर फोन वाजेल अशी सोय केली.

पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा त्या परीक्षेवर होत्या. पर्यवेक्षण दुसऱ्याच्या गळ्यात मारून रिक्षात बसल्या. रिक्षा बिनचालकाची, तिचा सात रस्ता चौकात नेहमीप्रमाणे गोंधळ उडाला आणि ती तिथेच गोल फिरत राहिली. धापा टाकत घरी पोचल्या, तर शेजारचे वकील बसवराजांच्या खांद्यावर हात टाकून आपल्या जागेच्या दाव्याची हकिगत ऐकवत होते. मण्याने वकिलांनाच मोजलं होतं. दुसऱ्यांदा टीव्हीवरचा निवेदक निघाला. नाट्यगृहाचा पडदा वर जावा आणि आत कुणीच नसावं, तसं दोन्ही वेळा झालं. दुसऱ्या खेपेनंतर शैलजाबाई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या. मग त्यांनी फोनचं वाजणं बंद केलं. आशेने धावत यायचं आणि दारातच विझायचं, हे तिसऱ्यांदा त्यांना सोसवलं नसतं.

वक्र मात्र खाली येत राहिला. आधी उतार, मग कडा, मग तळाची सपाटी. तो तळ शून्यालाच टेकतो की थोडा वर थांबतो, एवढाच आता प्रश्न होता, आणि शैलजाबाईंच्या लेखी तो साधा प्रश्न नव्हता. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून पाहिली. या गणितात थेट उत्तर मिळत नाही. एक अंदाज धरायचा आणि अंधारात टेकडी उतरावी तसं पायाने उतार चाचपत खाली जायचं. चुकीच्या जागेवरून निघालं तर भलत्याच खळग्यात अडकायला होतं. आपणही तसेच अडकलो असू, असं त्या स्वतःला सांगत. मग त्यांच्या मनात आलं, की आपला हात आशेने जड झाला आहे, कोऱ्या नजरेने कुणीतरी पाहावं. त्यांनी ते ठिपके वर्गात दिले. 'एका रुग्णाची वाणी, ठिपके अजून येत आहेत' एवढंच सांगितलं.

मुलांनी हौसेने वक्र लावले. सगळे शून्यालाच टेकले.

"मॅडम, या पेशंटचं काय खरं नाही," मागून एकजण म्हणाला. कुणीतरी हसलं. बाईंनी फळा पुसला. हवेतल्या ठिपक्यांच्या जमान्यातही त्यांच्या वर्गात एक फळा होता, आणि तो तेव्हा कोराच होता.

त्यानंतर त्यांनी शनिवारी घरी जाणं सोडलं. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. लग्नापासून त्या दिवशी दोघांनी एकत्र जेवायचं, भाकरी, शेंगाची चटणी, ताक, हा नेम कधी मोडला नव्हता. पण आता बसवराजांना शनिवार कळत नव्हता, समोर कोण बसलंय तेही कळत नव्हतं. त्यांना सांभाळायला कौसाबाई होत्या, तुळजापूरकडच्या, मायाळू आणि हाताला स्वच्छ. बाई शनिवारी डबा नेऊ लागल्या आणि संध्याकाळपर्यंत विभागात पेपर तपासत बसू लागल्या. घर त्यांना खायला उठे, हे खरं कारण. वक्राने त्यांना तशी परवानगी दिली होती, हेही तितकंच खरं.

असाच एक शनिवार होता. तासाचा विषय होता 'बाहेरचे ठिपके'. रुग्णाची वाणी हवेत तरंगत होती, वर्षभराच्या ठिपक्यांची गर्दी डावीकडून उतरत उजवीकडे जमिनीला लागलेली. बाई बोलत असतानाच उजव्या टोकाला एक नवा ठिपका उमटला. खाली नाही, वर. इतका वर की त्याचा दोरा लालबुंद झाला आणि मुलं 'ओऽ' करून ओरडली.

शैलजाबाईंचा हात पर्सकडे गेला. क्षणभरच. मग त्यांना वकील आठवले, निवेदक आठवला, मोरीतला नळ आठवला.

"बघा," त्या म्हणाल्या आणि आवाज स्थिर ठेवला. "मागायला गेलो नव्हतो, उदाहरण आपणहून चालत आलं. हा काय असेल?"

"चूक," दोघं-तिघं म्हणाले.

"बरोबर. या रुग्णाचे आधीही असे दोन आले होते. शोध घेतला तेव्हा एकदा शेजारी निघाला, एकदा टीव्ही. म्हणून हा—"

बाईंनी बोटावर बोट घासलं. दोरा तुटला. ठिपका राखाडी झाला.

"पण मॅडम," पुढच्या बाकावरची नाझनीन म्हणाली. नाझनीन शंका काढल्याशिवाय राहत नसे, आणि म्हणूनच ती बाईंची लाडकी होती. "तुम्हीच सांगता ना, आधी का तुटला ते बघायचं, मग पुढे?"

"दोनदा बघून झालंय."

"ते दोन वेगळे होते ना? हा तिसरा आहे. हा नाही बघितला."

बाई उत्तर देणार तोच त्याच्या शेजारी आणखी एक ठिपका उमटला. पहिल्याहून जरा वरच.

"मॅडम, अजून एक!"

सगळा वर्ग बाईंकडे पाहत होता. फोन पर्समध्ये होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण समोर साठ डोळे होते, रुग्ण कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पाय दारापर्यंत जायला तयार नव्हते. आपल्याला आशा वाटते आहे म्हणूनच त्या आशेवर विश्वास ठेवायचा नाही, असंच शास्त्र त्या शिकल्या होत्या आणि शिकवत होत्या.

"टीव्ही चालू राहिला तर असे ठिपके येतच राहणार," त्या म्हणाल्या. "मग दर वेळी कात्री चालवत बसायचं का? नाही. अशा वेळी मर्यादा आखून द्यायची." त्यांनी वक्राच्या वर हवेत एक आडवी रेघ ओढली. "या रेघेच्या वर जे येईल ते आपोआप कापलं जाईल, दिसणारही नाही. आता आपण शांतपणे काम करू."

त्यांनी शांतपणे काम केलं. तास संपेपर्यंत एकही ठिपका दिसला नाही.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. बैठकीत सतरंजी अंथरलेली. तिच्यावर दोन ताटं, दोन पेले, मध्ये दुरडीत फडक्याखाली भाकरी. बसवराज भिंतीला टेकून बसले होते. अंगात लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि तोंडभर हसले.

"या की, या," ते म्हणाले. "बसा."

मराठीत म्हणाले. शैलजाबाईंचा पाय उंबऱ्यातच राहिला.

"ऊन फार आहे हो बाहेर. पाणी घ्या. आमची शैलू येईलच इतक्यात, कॉलेजातून यायला उशीर होतो तिला. आज शनवार ना. ती आली की जेवू सगळे. तुम्ही पण जेवूनच जा."

कौसाबाई आतून आल्या. पदराला हात पुसत, चेहरा अपराधी.

"बाई, किती उशीर केलासा ओ! आज काका कसे बोलत हुते! सकाळी अकराच्या सुमाराला मला म्हणले, तुम्ही कोण? म्या नाव सांगितलं. तर म्हणले, लई कष्ट घेताव माझ्यासाठी. माझ्या डोळ्याला पाणीच आलं बगा. मग म्हणले आज वार कोणता. शनवार म्हणलं की उठलेच. दाढी केली सवताच्या हातानं. ताटं मांडली. भाकरी करा म्हणले, शेंगाची चटणी काढा म्हणले, शैलूला आवडती."

"मला फोन का नाही केलात?" शैलजाबाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"तासाला फोन करू नगा म्हणून तुम्हीच तर सांगितलं. आन् ते कॉलरचं यंत्र हाय की. तुमाला कळवतंय म्हणला हुतासा. मला वाटलं, कळलं असंल, निघाल्या असतील. काकांनाबी तेच सांगत हुते, निघाल्यात, येतायत."

"काय बोलले?"

"लई बोलले."

"काय पण?"

कौसाबाई अवघडल्या. "समदं कानडीत, बाई. मला कुठं येतंय? दाराकडं बघायचे आन् बोलायचे. मधीच हसायचे. एकडाव डोळं पुसलं. मी आपलं हो हो म्हणत हुते. चारला म्हणलं, काका, दोन घास खा. तर मान हलवली. ती आल्याबिगर नाही म्हणले. मग हळूहळू गप झाले."

शैलजाबाई सतरंजीवर बसल्या, पाहुण्यांच्या जागेवर. पर्समधून 'वळण'चा घडीचा पडदा काढला, दुपारी आखलेली रेघ पुसली आणि कापलेलं सगळं परत मागवलं. ठिपके एकामागोमाग उमटले. त्यांची एक छोटी टेकडी झाली. टीव्हीचे ठिपके असे नसतात, ते वेडेवाकडे उडतात; हे कुणीही सांगितलं असतं, बाईंच्या विद्यार्थ्याने तर डोळे झाकून. टेकडी अकराला चढायला लागली होती. सगळ्यांत उंच जागा होती ती बाई वर्गाला मर्यादा कशी आखायची ते शिकवत होत्या तेव्हाची. मग दुपारभर माथा सपाट. मग उतार.

त्यांनी सवयीने सगळे दोरे पुन्हा बांधले आणि वक्र सोडून दिला. वर्षभराच्या ठिपक्यांपुढे ही मूठभर. वक्र केसभर हलला आणि परत शून्याला टेकला. गणिताचं काही चुकलं नव्हतं. ते दुःख त्यांना पुढे फार छळायचं, की गणित बरोबर होतं आणि तरी आपला माणूस दाराकडे पाहत बसला होता.

"तुम्ही रडताय का?" बसवराजांनी काळजीने विचारलं. "घरी काही झालंय का?"

त्यानंतर शैलजाबाईंनी लांब रजा टाकली. रोज समोर बसल्या. फोन वाजता ठेवला. वकील येऊन गेले, मठाचे स्वामी येऊन गेले, टीव्ही बंदच होता. ठिपके तळाशी रांगत राहिले. टेकडी पुन्हा आली नाही.

रजा संपल्यावर पहिल्याच तासाला नाझनीनने हात वर केला. अख्ख्या वर्गात तिच्याच लक्षात राहिलं होतं.

"मॅडम, त्या दिवशीचे वरचे ठिपके. टीव्हीच होता का?"

बाईंनी मोजा हातात घेतला होता, तो टेबलावर ठेवला.

"नाही. खरे होते."

"मग वक्र बदलला असेल ना?"

"नाही बदलला."

"म्हणजे ते कापले काय, ठेवले काय, सारखंच?"

"वक्राला सारखंच," बाई म्हणाल्या. "ते माझे यजमान होते, नाझनीन. त्या दिवशी ते मला जेवायला बोलवत होते."

नाझनीन उभीच राहिली, बसायचं विसरून. बाईंनी तिला खुणेने बसवलं. "'वळण'मधली मर्यादेची रेघ मी काढून टाकली आहे," त्या म्हणाल्या. "कात्री ठेवली आहे. ज्याला कापायचं त्याने आधी जाऊन बघून यायचं. उशीर झाला तरी चालेल."

शनिवारी त्या आता तास संपताच घरी जातात. कौसाबाई भाकरी करतात, शैलजाबाई दोन ताटं मांडतात आणि बसवराजांसमोर बसतात. परवा त्यांनी मुद्दाम कानडीत विचारलं, जेवायचं ना? त्या दिवशी ते काय बोलले असतील त्याचं उत्तर म्हणून त्या हल्ली पुष्कळ काही कानडीत बोलत राहतात. घरातलं, जुनं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याचं. प्रश्न माहीत नाही, तेव्हा सगळीच उत्तरं देऊन ठेवतात.

बसवराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग कौतुकाने मान डोलावली.

"कानडी छान आहे हो तुमचं," ते मराठीत म्हणाले. "शैलू आली की तिच्याशी बोला थोडं. दिवसभर मराठीत शिकवून दमते ती. तिला बरं वाटेल."

"हो," शैलजाबाई म्हणाल्या, "बोलते," आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.